घरपोच नर्सिंग सेवा सुरू करायची आहे? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, झालेली नर्स. बारा वर्षं वॉर्डात काढली, मग सिंहगड रस्त्यावर एका खोलीत पेशंटच्या घरी नर्स-अटेंडंट पाठवणारा ब्युरो थाटला. "मॅडम, आम्हालाही हे सुरू करायचंय" असे फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतात. कधी नुकती पास झालेली मुलगी असते, कधी नोकरी सोडलेला आयटीवाला, कधी आईला अटेंडंट मिळेना म्हणून वैतागलेला मुलगा. सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

नर्सिंग ब्युरोचं लायसन्स कुठे काढायचं? एजंट काढून देतो म्हणतोय.

तुमचा एजंट बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद करून देणार आहे, ज्याला आपण शॉप अॅक्ट म्हणतो. तो कागद लागतो हे खरं. पण चपलांच्या दुकानालाही तोच लागतो. त्याने कुणाला इंजेक्शन देण्याचा हक्क मिळत नाही.

पेशंटच्या घरी माणसं पाठवणाऱ्या ब्युरोसाठी महाराष्ट्रात वेगळा आरोग्य-परवाना नाही. रुग्णालयं-दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, तो आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी त्यात होती, पण त्याचा कायदा झाला नाही.

आज परवाना असतो तो नर्सच्या नावावर, किंवा खाटा असलेल्या जागेच्या नावावर. "परवानाधारक नर्सिंग ब्युरो" अशी पाटी दिसली तर आत जाऊन एवढंच विचारा, की तुमच्याकडे नोंदणी झालेल्या नर्स किती आणि त्यांचे नोंदणी क्रमांक कोणते. उत्तर द्यायला किती वेळ लागतो यावरून बरंच कळतं. तुम्ही स्वतः ब्युरो काढणार असाल तर हाच प्रश्न उद्या तुम्हाला विचारला जाणार आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याच तयारीबद्दल आहे.

मग कायद्याने नर्स म्हणायचं तरी कुणाला?

जिचं नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे तिला. आपल्याकडे ही परिषद मुंबईत आहे, महाराष्ट्र परिचर्या परिषद, आणि ती १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस कायद्याखाली चालते. वर देशपातळीवर १९४७ च्या कायद्याची भारतीय परिचर्या परिषद होती. तो कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला.

नोंदवहीत जाण्याचे रस्ते मोजके आहेत. एएनएम (सहायक परिचारिकेचा) दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींना बारावी लागते. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गात ४५ टक्के हवेत, आणि प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश आणि पदवी त्यांची स्वतःची, बाकी कॉलेजांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं.

पुण्यात शिकायची सोय चांगली आहे. ससून आहे, धनकवडीला भारती विद्यापीठ आहे, कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं नर्सिंग कॉलेज आहे, शिवाय बऱ्याच खासगी संस्था आहेत. निवडताना इमारत बघू नका. मुलींना प्रात्यक्षिकाला कोणत्या रुग्णालयात नेतात आणि तिथे रोज किती पेशंट असतात, ते बघा. रिकाम्या वॉर्डात शिकलेली नर्स पेशंटच्या घरी पहिल्याच रात्री घाबरते.

मी सहा महिन्यांचा "नर्सिंग" कोर्स केलाय. मी नर्स झाले ना?

नाही. हे उत्तर द्यायला मला दर वेळी जड जातं, कारण विचारणारीने फी भरलेली असते, ती बहुतेक वेळा उसने काढून.

सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कोणताही कोर्स तुम्हाला परिषदेच्या नोंदवहीत नेत नाही. जाहिरातीत "शंभर टक्के नोकरी", "शासनमान्य" असं काहीही लिहिलेलं असो. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी माझ्याकडे "नर्सिंग डिप्लोमा"चं प्रमाणपत्र घेऊन आली. सोनेरी बॉर्डर, तीन सह्या, गोल शिक्का, सगळं होतं. एकच गोष्ट नव्हती, नोंदणी क्रमांक. मी विचारलं तर म्हणाली, "सर म्हणाले तो नंतर येतो." चार वर्षं झाली, आला नाही.

फी भरण्याआधी परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. संस्थेचं नाव, गाव आणि कोर्स तिन्ही जुळायला हवं. नावात एका शब्दाचा फरक असेल तरी थांबा.

याचा अर्थ छोटे कोर्स वाया असतात असं नाही. जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड, रुग्णसहायक अशा नावांचे कौशल्य विकासाचे कोर्स असतात. त्यातले चांगले कोर्स कूस बदलणं, उचलणं, स्वच्छता, नाडी-ताप-बीपी बघणं नीट शिकवतात. ते करून तुम्ही उत्तम अटेंडंट व्हाल, आणि पुण्यात उत्तम अटेंडंटची ददात आहे. फक्त तिला पांढरा कोट घालून "सिस्टर" म्हणून पाठवू नका.

परिषदेत नोंदणी झाली की जन्मभर चालते का?

दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि मधल्या काळात सतत शिक्षणाचे तास भरावे लागतात. घरपोच काम करणाऱ्या मुली इथेच अडकतात. रुग्णालयात असताना मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, कार्यशाळेला पाठवायच्या, आता कोण पाठवणार? ब्युरो काढाल तर ती जबाबदारी तुमची धरा. प्रत्येक नर्सच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेली नर्स, म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा केरळची, इथे काम करणार असेल तर तिच्या राज्याच्या परिषदेचं ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्रात नोंदणी करायला हवी. "तिकडची आहे की, चालतंय" असं म्हणून चालत नाही.

पुरुषांना हे करता येतं का?

जीएनएम आणि बी.एस्सी. येतं, एएनएम फक्त स्त्रियांसाठी आहे. ब्रदरना मागणी भरपूर आहे. पंच्याऐंशी किलोच्या आजोबांना बेडवरून खुर्चीत घ्यायचं असतं तेव्हा घरचे फोन करून आधी "जेंट्स आहे का?" हेच विचारतात.

मावशीने काय करायचं आणि सिस्टरने काय?

सगळ्या प्रश्नांतला हा खरा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

आमच्याकडे एक कागद आहे. नवीन केस लागली की तो पेशंटच्या फ्रिजवर चिकटवतो. डाव्या बाजूला अटेंडंट, म्हणजे घरोघरी जिला मावशी म्हणतात ती. अंघोळ किंवा स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाने भरवणं, हाताला धरून चालवणं, युरिन बॅग रिकामी करून किती मिलीलिटर ते लिहिणं, मशीनवर बीपी बघून आकडा लिहिणं, डबीतली गोळी वेळेवर देणं. उजव्या बाजूला नर्स. इंजेक्शन, सलाइन, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब घालणं, लघवीची नळी घालणं आणि बदलणं, ट्रॅकिओस्टॉमीचं (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीचं) सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं, बेडसोअरचं (पडून राहून झालेल्या जखमेचं) ड्रेसिंग.

मधली जागा मात्र चिखलाची आहे. नळीने फीड देणं हे उदाहरण घ्या. डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयात सुनेला दहा मिनिटांत शिकवतात, म्हणजे घरातलं माणूस करू शकतं. मग मावशीने का नाही? माझा नियम असा: नळी घालणार नर्सच. फीड मावशी देऊ शकते, पण नर्सने त्याच पेशंटजवळ उभं राहून तिला शिकवल्यावर आणि तिच्याकडून समोर करून घेतल्यावर. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, फीड झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकाजवळ नळीवर पेनाने खूण केलेली असते. ती खूण सरकलेली दिसली तर फीड थांबवून फोन करायचा. नळी श्वासनलिकेत गेलेली असेल आणि वरून वाटीभर पेज गेली तर पुढचं तुम्हाला माहीत आहे.

इन्सुलिनचं पेन हे दुसरं. पुष्कळ घरांत आजोबा स्वतःच टोचून घेतात, त्यामुळे घरच्यांना ते इंजेक्शन वाटतच नाही. "अहो, नुसतं बटण दाबायचंय." मी अटेंडंटला ते करू देत नाही. डोस चुकला तर रात्री साखर उतरते, आणि झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाची साखर उतरलेली पटकन कुणाला कळत नाही.

ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटकडे अटेंडंट एकटी पाठवायची नाही. इथे मधली जागा नाही. नळीत कफ अडकला तर हातात दोन-चार मिनिटं असतात. "पैसे कमी आहेत, मावशीच द्या" म्हणणाऱ्या तीन घरांना मी नाही म्हटलंय, आणि त्यातल्या दोघांना दुसऱ्या ब्युरोने त्याच दिवशी माणूस दिला. हा धंदा असाही चालतो, हे माहीत असू द्या.

घरी सलाइन किंवा अँटिबायोटिक देता येतं का?

नोंदणीकृत नर्सला येतं, डॉक्टरांच्या लेखी आदेशावर. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळात, किती दिवस आणि खाली सही. व्हॉट्सॲपवर "दे गं" असा आवाजी निरोप म्हणजे आदेश नव्हे. मी त्या डॉक्टरांना चिठ्ठीचा फोटो पाठवायची विनंती करते, आणि खरं सांगायचं तर एकाही डॉक्टरांनी आजवर राग मानलेला नाही.

शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी द्यायचा नाही. रिॲक्शन आली तर घरात ना डॉक्टर, ना ऑक्सिजन. पहिला डोस रुग्णालयात होऊ द्या, पुढचे घरी.

आणि "जरा थकवा आलाय, एक ताकदीचं सलाइन लावून टाका" हा फोन दर उन्हाळ्यात येतो. हृदय किंवा किडनी अशक्त असलेल्या माणसाला उगाच लावलेलं सलाइन फुप्फुसात उतरतं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर लिंबू-सरबत द्या.

ब्युरोसाठी नेमकी कोणती कागदपत्रं लागतात?

शॉप अॅक्टची नोंद ऑनलाइन होते. माणसं किती यावरून नुसती सूचना द्यायची की पूर्ण नोंदणी घ्यायची ते ठरतं. दहा कर्मचारी झाले की ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी. दहा झाल्यावर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीही नेमावी लागते. ही समिती कागदावर ठेवू नका. तुमच्या मुली परक्या घरात रात्रभर एकट्या असतात.

जीएसटीचं जरा गुंतागुंतीचं आहे. आरोग्यसेवेला करमाफी आहे, पण माणसं पुरवण्याच्या सेवेवर १८ टक्के कर आहे. तुम्ही नर्सिंग देता की माणूस पुरवता, हे तुमच्या बिलावरच्या शब्दांवरून आणि करारावरून ठरवलं जातं. वार्षिक उलाढाल २० लाखांकडे सरकायला लागली की ओळखीच्या सीएकडे जाऊन बसा, त्या पैशाची कंजुषी करू नका.

पोलिस पडताळणी प्रत्येकाची करा, अगदी ओळखीतून आलेल्या माणसाचीही. कोथरूड-कर्वेनगरला अशी कितीतरी घरं आहेत जिथे आजी-आजोबा दोघंच, मुलं न्यू जर्सीला, आणि कपाटाची किल्ली उशाखाली. माझ्याकडे पडताळणीचा कागद, आधारची प्रत, गावाकडचा पत्ता आणि गावातल्या एका माणसाचा नंबर एवढं असल्याशिवाय कुणी ड्युटीवर जात नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत का, तेही विचारते. हे कोणी तपासायला येत नाही, पण सुई बोटाला लागते तेव्हा आठवतं.

सुया, ड्रेसिंग, डायपर, या कचऱ्याचं काय?

२०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पिवळ्या पिशवीत रक्त-पू लागलेला कापूस आणि ड्रेसिंग, लाल पिशवीत नळ्या, युरिन बॅग, हातमोजे, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काचेच्या बाटल्या. तुमच्या जागेवर हा कचरा तयार होत असेल, मग एकही खाट नसली तरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता घ्यावी लागते.

पेशंटच्या घरात मात्र लोक सुया सरळ ओल्या-सुक्यात टाकतात, आणि सकाळी "स्वच्छ"च्या ताई हाताने पिशवी चाळतात. आमच्या नर्स सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करून परत आणतात. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा द्यायचा. ही लाल ठिपक्याची पद्धत कचरावेचक ताईंच्या "स्वच्छ" संस्थेनेच पुण्यात रुजवली आहे, नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी शिकवा.

घरोघरी जाण्यापेक्षा दहा खाटांचं नर्सिंग केअर सेंटर काढलं तर?

आता तुम्ही परवान्याच्या राज्यात आलात. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा जिथे दिली जाते ती जागा म्हणजे नर्सिंग होम. नावाला "केअर सेंटर" म्हणा, "पुनर्वसन" म्हणा, नाहीतर "आजोळ" म्हणा, आत पक्षाघाताचे पेशंट नळीवर असतील तर नोंदणी हवीच. ती तीन वर्षांसाठी मिळते. पुणे महापालिकेच्या हद्दीत अर्ज पालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो.

त्या अर्जामागे कागदांची वरात असते. इमारतीचा भोगवटा दाखला, अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला, प्रदूषण मंडळाची मान्यता, कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार, डॉक्टरांची आणि नर्सची नोंदणी प्रमाणपत्रं. आगीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. हे लोक विसरतात.

जागा भाड्याने घेण्याआधी भोगवटा दाखला बघा, हे मी तीनदा सांगते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने धायरीच्या बाजूला टुमदार बंगला घेतला. रंग दिला, रॅम्प बांधला, खाटा आणल्या. मग कळलं की वरचा मजला नकाशातच नाही. आठ महिने भाडं भरलं आणि खाटा विकल्या.

२०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, आणि नोंदणी करणाऱ्या यंत्रणेला तक्रार निवारण कक्ष ठेवावा लागतो. दरपत्रक लावायला कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. मला विचाराल तर लावल्यावर भांडणं निम्मी होतात, कारण बिलाच्या दिवशी कुणी आश्चर्य वाटल्याचा आव आणू शकत नाही.

आणि नर्स. दहा खाटा म्हणजे दोन नर्स, हे गणित चुकीचं आहे. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, एखादीचं बाळंतपण, एखादीच्या गावची जत्रा, हे सगळं धरून मोजा. इमारत उभी राहते हो, पण रात्रपाळीच्या नर्स मिळत नाहीत म्हणून सेंटरं बंद पडतात.

साध्या वृद्धाश्रमालाही हे लागू आहे का?

चालते-फिरते ज्येष्ठ राहतात, जेवतात, भजन करतात, तर ते निवासस्थान. अडचण अशी की चालते-फिरते आजोबा तीन वर्षांनी पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि तिथेच अंथरुणाला खिळतात. मग संचालक कॅथेटर, ऑक्सिजन, सलाइन असं एकेक आणत जातात आणि नकळत नर्सिंग होम चालवायला लागतात. ज्या दिवशी पहिली नळी आत येते त्या दिवशी नोंदणीचा विचार करायला हवा.

आमची जागा वाघोलीत आहे. पुणे महापालिका की जिल्हा परिषद?

महापालिका. जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोली आहे, सूस आणि म्हाळुंगे आहे, नांदेड-किरकटवाडीही आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची मात्र पुढे पालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, कॅम्पातलं कटक मंडळ वेगळं. हद्दीबाहेर असाल तर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे जा.

दर किती ठेवावेत? २४ तासांची ड्युटी द्यावी का?

आकडा मी सांगणार नाही, दर सहा महिन्यांनी बदलतो. सांगते ते २४ तासांबद्दल.

घरच्यांना वाटतं २४ तासांची मावशी म्हणजे २४ तास जागी मावशी. मी फोनवरच विचारते, "रात्री पेशंट किती वेळा उठवतात?" एक-दोनदा असेल तर २४ तासांची चालेल, रात्री सहा-सात तास झोप आणि दिवसा दोन तास मोकळे लिहून घेऊन. पण दर दोन तासांनी कूस बदलायची आहे किंवा विसराळूपणामुळे आजी रात्रभर फिरतात, तर सकाळी आठ ते रात्री आठ एक आणि रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी, हाच मार्ग. चार दिवस न झोपलेली अटेंडंट पाचव्या दिवशी पेशंटला धरताना पाडते. त्याचा दोष मी तिला देत नाही.

दिवाळी, पेरणी-काढणी, आणि अनंत चतुर्दशी या तीन वेळांना हाताशी जादा माणसं ठेवा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असतो. सदाशिव पेठेतल्या केसला रात्रपाळीची नर्स पोहोचवायची तर ती दुपारी चारलाच आत गेलेली बरी. तिला चहा मिळेल, हे त्या घराला आधी सांगून ठेवा.

मावशीला धुणीभांडी सांगितली तर?

पेशंटची भांडी, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली. त्यापुढे नाही, आणि हे करारात लिहिलेलं हवं. खरं दुखणं भांड्यांचं नसतंच. चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो, संडास वापरायला खालच्या मजल्यावर वॉचमनच्या केबिनकडे पाठवतात. मग मुलगी दिवसभर पाणी कमी पिते आणि महिन्याभरात लघवीच्या जंतुसंसर्गाने स्वतःच डॉक्टरकडे. म्हणून मी केस घ्यायच्या आधी घरी जाते तेव्हा पेशंटचा बेड बघते, आणि मग विचारते, "आमची मुलगी बाथरूम कोणतं वापरेल?"

गंमत म्हणजे याच शहरात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या. तेव्हा लोक काय काय म्हणाले असतील याची कल्पना येते, कारण थोडंफार अजून ऐकू येतंच.

काही चूक झाली तर जबाबदार कोण?

पैसे घेऊन सेवा देता म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा लागू. नर्सची चूक असली तरी तक्रारीत ब्युरोचं नाव असणारच. व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्या. त्याहून महत्त्वाची वही. तारीख, वेळ, काय केलं, किती वाजता कूस बदलली, पाठीला लाली दिसली तर कुठे आणि केवढी, कुणाला फोन केला. आमच्यावर एकदा बेडसोअरचा आरोप झाला. पहिल्याच दिवशीच्या पानावर "माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम, मुलाला दाखवली" असं लिहून मुलाची सही घेतलेली होती. विषय तिथे मिटला.

पेशंट घरीच गेले तर नर्सने काय करायचं?

मृत्यू घोषित करायचा नाही. नर्सला तो अधिकार नाही, मग नाडी लागत नसल्याचं तिला कितीही स्पष्ट दिसत असो. डॉक्टरांना बोलवायचं. घरी झालेल्या मृत्यूचं कारण डॉक्टर ४अ नमुन्यात लिहून देतात, आणि तो कागद नसेल तर वैकुंठ स्मशानभूमीत खोळंबा होतो. रात्री दोन वाजता घरी येणारे डॉक्टर शोधणं फार अवघड आहे. म्हणून अखेरच्या टप्प्यातली केस घेताना मी घरच्यांना आधीच विचारते, तुमचे डॉक्टर येतील का, आणि रुग्णालयात न्यायचं की नाही हे घरात ठरलंय का? प्रश्न वाईट वाटतो. पण न विचारल्यामुळे झालेली धावपळ मी पाहिली आहे. एक भाऊ ॲम्ब्युलन्स बोलावतोय, दुसरा गंगाजल शोधतोय, आणि दोघं मिळून नर्सवर ओरडतायत.

या प्रकारच्या शुश्रूषेचं शिक्षण हवं असेल तर वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. तिथे काम कसं चालतं ते जमेल तर एकदा बघून या.

माझं वय ४१ आहे, सासूबाईंचं सगळं सहा वर्षं मीच केलं. मला आता नर्स होता येईल का?

एएनएम आणि जीएनएमच्या प्रवेशाला १७ ते ३५ अशी वयाची चौकट आहे, त्यामुळे तो रस्ता अवघड आहे. पण सहा वर्षांत एकही बेडसोअर होऊ दिला नसेल तर रुग्णसहायकाचा चांगला कोर्स करून मला भेटायला या. दुपारी एक ते चार सोडून कधीही.